दोनशे दहा काप

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात माझ्या आईला सगळे ‘थोरली’ म्हणायचे. वयामुळे नव्हे, आवाजामुळे. एकोणीस वर्षं तिनं तिथं कांदे, बटाटे, कोबी चिरला. साडेचारशे मुलींचं जेवण, रोज दोन वेळा. सुरीच्या पाठीनं तिच्या उजव्या तर्जनीला घट्टा पडला होता.

एके वर्षी नव्या व्यवस्थापकांनी जुन्या काळपट सुऱ्या अडगळीत टाकल्या आणि चकचकीत नव्या आणल्या. दोन दिवस सगळ्याजणी खूश होत्या. तिसऱ्या दिवसापासून टोमॅटो चिरण्याऐवजी चेंगरायला लागले. बोथट सुरीला जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की ती घसरते. तशीच ती घसरली आणि कोबी चिरणाऱ्या काकूंच्या अंगठ्याला चार टाके पडले.

आई तडक व्यवस्थापकांकडे गेली. “साहेब, या सुऱ्यांचं पोलाद मऊ आहे. धार टिकत नाही.”

“पोलादासारखं पोलाद आहे,” ते म्हणाले. “तुम्हालाच नीट वापरता येत नाही.”

आई तशीच घरी आली. बाबा कारखान्यात फिटर होते. आईनं त्यांच्याकडे जाड दोरखंड मागितला आणि चार सुऱ्या गोळा केल्या: एक नवी, एक अडगळीतली जुनी, एक शेजारणीची महागडी परदेशी, आणि एक बाबांनी लोखंड कापायच्या करवतीच्या मोडक्या पात्यातून घासून काढलेली.

चारही सुऱ्यांना तिनं एकाच दगडावर, खाली लाकडी पाचर ठेवून एकाच कोनात धार लावली. मग दोरखंड कापत सुटायचं. दर दहा कापांनंतर वर्तमानपत्राचा कागद चिरून बघायचा. कागद सरळ न चिरता फाटला की ती सुरी बाद. मोजायचं काम माझ्याकडे होतं.

पहिल्या फेरीत नवी सुरी विसातच गारद झाली. आईचा चेहरा खुलला.

“तू तिच्यावर राग काढतेयस,” बाबा म्हणाले. “तिला जास्त दाबतेस.”

आईनं डोळे वटारले, पण म्हणणं तिला पटलं. मग बाबांनी प्रत्येक सुरीच्या पाठीवर तीच एक वीट बांधायची युक्ती काढली. हातानं दाबायचंच नाही, नुसतं पुढं-मागं ओढायचं. तीन रविवार आमच्या घरात दोरखंडाचा भुसा उडत होता. नवी चाळीसपर्यंत गेली, जुनी नव्वद, परदेशी एकशे ऐंशी. करवतीच्या पात्याची दोनशेवर.

सगळं सामान घेऊन आई साहेबांपुढे उभी राहिली. त्यांनी सुऱ्यांच्या विक्रेत्यांनाच बोलावून घेतलं.

“धार लावायला जमलं नसेल यांना,” विक्रेते म्हणाले.

“मग तुमच्या सुरीला तुम्हीच लावा,” आई म्हणाली.

त्यांनी अर्धा तास खपून लावली. जेवणघरातल्या टेबलावर, सगळ्यांसमोर, ती पन्नासला थांबली. मग आईनं करवतीची सुरी घेतली. शंभरनंतर काकूंनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली, त्यांच्यामागून सगळ्या बायका आणि दारात जमलेल्या मुली. दोनशे दहाला कागद लोण्यासारखा चिरला. दोनशे वीसला फाटला, पण तोवर कुणाला त्याची फिकीर राहिली नव्हती.

विक्रेत्यांनी ते पातं उजेडात धरून निरखलं. आईनं त्याचं वाईटही लपवलं नाही. “याला गंज चढतो, रोज पुसावं लागतं. हाडावर मारलं तर तुकडा उडेल. तुमची गंजत नाही, तेवढं तिचं चांगलं.”

साहेब काकूंपाशी गेले. “चूक माझी होती,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. त्याच महिन्यात कडक पोलादाच्या बारा सुऱ्या आल्या, आणि थोरलीनं पारखल्याशिवाय एकही पातं स्वयंपाकघरात यायचं नाही, असं त्यांनी लेखी दिलं. तो कागद आईनं मला तीनदा वाचायला लावला.

पुढच्या वर्षी एका सकाळी तेच विक्रेते पाच नमुने घेऊन मागच्या दाराशी आले.

“बाई, विकायला काढण्याआधी एकदा तुम्ही बघता का?”

आईनं त्यांना आधी हात धुऊन यायला सांगितलं.