गोमलीबाईंनी अंगावर घेतलेला दोष

गोमलीबाईंच्या मुलीची शाळा गोमलीबाईंनी बंद केली नव्हती; ती मी बंद केली होती. ही गोष्ट जगात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होती. महिनाभरापूर्वी मी शाळेचं कुलूप काढत असताना तांड्यावरच्या एकानं सायकल थांबवली आणि म्हणाला, "गुरुजी, गोमली याडी गेली. आज पहाटं." तांड्यावर आईला याडी म्हणतात. त्या क्षणी दुःखाच्याही आधी जो विचार मनात आला, तो लिहायला हात धजत नाही... आता हे जाणणारा मी एकटाच उरलो, असा तो विचार होता. त्यात थोडी सुटकाही होती.

आखाडा बाळापूरहून कच्च्या रस्त्यानं आत गेलं की आमचं गाव, आणि गावाबाहेरच्या माळावर बंजाऱ्यांचा तांडा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी इथल्या दोनशिक्षकी शाळेत रुजू झालो. आमचं घराणं देवळाच्या सेवेतलं. स्वच्छ उच्चारांचा मला फार अभिमान. तांड्यावरची मुलं घरी त्यांची गोरमाटी बोली बोलत आणि शाळेत पाऊल टाकलं की मुकी होत. गोमलीबाईंची थोरली सुमित्रा चौथीत होती. उत्तर ती आपल्या बोलीत पुटपुटे आणि 'मराठीत सांग' म्हटलं की मान खाली घाली. वाचताना प्रत्येक शब्दापाशी थांबे. ती परक्या भाषेतून वाट काढत थांबते आहे, हे समजायला मला पुष्कळ वर्षं लागली. तेव्हा मी तिला मंद समजत होतो, आणि वर्गात तसं म्हणतही होतो.

त्या काळी आमच्यात एक रीत होती. वार्षिक तपासणीला साहेब यायचे ठरले की आदल्या दिवशी शाळा झाडून-सारवून घ्यायची, हुशार मुलं पुढं बसवायची आणि कच्च्या मुलांना घरी राहायला सांगायचं. साहेबांनी विचारलंच तर 'तांड्यावर लग्न आहे' हे उत्तर तयार असे. माझे ज्येष्ठ सहकारी हसून म्हणत, "आढीतली कच्ची फळं कुणी पाहुण्यापुढं ठेवतं का?" मीही हसत असे. त्या वर्षी मी तांड्यावर जाऊन गोमलीबाईंना सांगितलं, की सुमित्रा वाचनात फार मंद आहे, साहेबांपुढं शाळेची शोभा होईल. तेव्हा तिला पाठवू नका, मी निरोप देईन तेव्हा पाठवा.

तपासणी उत्तम पार पडली. निरोप मात्र मी दिला नाही. पहिले काही दिवस विसरलो. पुढं विसरलो नव्हतो. तिच्यावाचून वर्ग सुरळीत चालत होता, धडा भरभर पुढं सरकत होता, आणि ती सोय मला आवडू लागली होती. अखेर गोमलीबाईच एका दुपारी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "साहेब येऊन गेला न, गुरुजी? मंग पाठवू का पोरीला?"

मी म्हणालो, "आधी घरी थोडं वाचायला बसवा. मग बघू."

ज्या घरात कुणालाच अक्षर येत नव्हतं, त्या घराला मी हे सांगत होतो. गोमलीबाई "बराबर हाय" म्हणाल्या आणि निघून गेल्या. पुन्हा विचारायला आल्या नाहीत. सुमित्रा शेळ्यांमागं जाऊ लागली.

पुढं शाळाबाह्य मुलांविषयी कितीतरी बैठका झाल्या. मुलं शाळा का सोडतात, यावर मीही बोललो. गरिबी, ऊसतोडीचं स्थलांतर, लहान भावंडं, पालकांची अनास्था... सारी कारणं आम्ही शाळेच्या कुंपणापलीकडं शोधली आणि ती खोटी होती असंही नाही. पण कुंपणाच्या आत पाहावं, असं त्या खोलीत कुणालाच वाटलं नाही. मला वाटायला हवं होतं.

मधली काही वर्षं बदलीच्या गावी काढून मी मुख्याध्यापक म्हणून याच शाळेत परतलो. तोवर शाळेत खिचडी शिजू लागली होती आणि ती शिजवायला गोमलीबाई होत्या. पत्र्याच्या शेडमध्ये धुरात बसून त्या मुलांची चेष्टा करत. "पाढा म्हणून राहिला का खिचडीचा वास घेऊन राहिला रे लेकरा?" वाढताना कोण आलं नाही ते त्यांच्या बरोबर लक्षात येई. भांडी उरकली की त्या त्या मुलाच्या घरी जात आणि दुसऱ्या दिवशी त्याला हाताला धरून आणत. घरच्यांना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "गुरुजींनी येऊ नको म्हणलं का?" हे कानावर आलं तेव्हा मी त्यांना विचारलं, असं का विचारता? आवाजात कसलाही काटा न आणता त्या म्हणाल्या, "पोरगं घरी राहिलं की मायबापालाच दोष लागते, गुरुजी. इचारून घेतलेलं बरं."

एकदा सुमित्रा सासरहून, कुरुंद्याकडून, आली होती. खिचडीच्या शेडसमोर उभी राहून, पाणी भरणाऱ्या बायकांदेखत ती आईला बोलली. "लोकाची लेकरं वढून आणतीस शाळेत. अन् मला मात्र शेळ्यांमागं धाडलं तू." गोमलीबाई पातेल्यात उलथनं फिरवत राहिल्या. मी व्हरांड्यात उभा होतो. तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं त्या मुलीनं आईलाच दोषी धरलं आहे.

ती गेल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. म्हणालो, "तिला खरं का सांगितलं नाही?"

"लहान लेकरू व्हतं. तुला गुरुजी मंद म्हणून राहिले, हे कसं सांगू? मीच म्हणलं, घरी काम हाय, जाऊ नको. सोताला मंद समजण्यापरीस माय वाईट समजलेली बरी."

"आता मी सांगू का?"

"तुमची मर्जी, गुरुजी. मी न्हाई सांगणार."

मर्जी माझी होती, आणि मी ती लांबणीवर टाकत गेलो. सुमित्रा पुढच्या सणाला येईल, मग पुढच्या... गोमलीबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. खोकला वाढला तेव्हा त्यांनी शाळेत येणं थांबवलं. मी भेटायला गेलो, तर शाळेत कोण कोण येत नाही, एवढंच त्यांनी विचारलं.

दिवसकार्य आटोपल्यावर मी तांड्यावर गेलो. सुमित्रा अंगणात भांडी घासत होती. माझ्यासाठी तिनं बाज टाकली. मी बसलो नाही. तपासणी, निरोप, आईनं तिच्यासाठी बोललेलं खोटं, सारं तिला सांगितलं. तिचे हात राखेतच थांबले. मी क्षमेचे शब्द जुळवू लागलो, तर तिनं मान हलवली.

"मला एकटीला नका सांगू, गुरुजी. मी याडीला चारचौघांत बोलले. तुमी बी चारचौघांतच सांगा."

तिनं भावाला हाक मारली, चुलतीला बोलावलं. शेजारच्या बायका हातातलं काम टाकून आल्या. त्यांत त्या दिवशी शेडसमोर पाणी भरणाऱ्याही होत्या. सारे माझ्याकडं पाहू लागले. आयुष्यभर वर्गापुढं उभा राहत आलो, तसाच त्यांच्यापुढं उभा राहिलो. मग म्हणालो, "सुमित्राची शाळा गोमलीबाईंनी सोडवली नाही. त्या तिला पाठवायला तयार होत्या; मी येऊ दिलं नाही. सुमित्रा मंद नव्हती. मला शिकवता आलं नाही. दोष माझा होता आणि तो त्या माउलीनं आपल्या अंगावर घेतला. सुमित्रा, मी तुझी आणि तुझ्या आईची माफी मागतो."