सुपातला दुसरा ढीग

मी चौथी शिकलेलो, चुकलं तर सांभाळून घ्या. कानबाई देवीची पूजा आमच्या घरात आहे, पण मी ती विश्वासापेक्षा रीत म्हणूनच करायचो.

माझी मुलगी विमल, नवरा गेल्यापासून माझ्याकडेच राहते. तिच्या अंगावर काळेनिळे डाग उठू लागले. हाडातला मगज रक्त करायचा थांबलाय, असं डॉक्टर म्हणाले. सख्ख्या भावाचा मगज जुळला तर जगेल. "भाऊ आहे का?" त्यांनी विचारलं. विमलनं माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्यानं सांगितलं, "नाही." तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

भाऊ होता, माझाच मुलगा. मला न विचारता शेती सोडून सुरतेला गेला, म्हणून त्याचं नाव मी घरात बंद केलं होतं.

श्रावणात विमलला रक्त चढवून भडगावला घरी आणलं. ती आत झोपलेली, मी ओट्यावर एकटा, कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजून सुपात घेत होतो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, अशी आमची रीत. मुलगा गेल्यापासून सहा वर्षं मी फक्त माझीच घेत होतो. एक अनोळखी म्हातारी पाणी मागायला आली. पाणी पिऊन सुपाकडे बघत म्हणाली, "भाऊ, घरमा गडीमाणसं कितला?"

"मी एकलाच."

"मंग दोन ढीग कसाले?"

खाली पाहिलं. सुपात खरंच दोन ढीग होते. दुसरा कधी घातला, आठवेना. मान वर केली तर ती निघून गेलेली. गल्लीत कोणी तिला ओळखत नव्हतं.

मी मुलाला फोन लावला. तो एवढंच बोलला, "आबा, ताई कशी शे? कोठे येऊ?"

त्याचा मगज जुळला. मला वाटलं होतं, हाड कापतील, पोरगा लंगडा होईल. पण कमरेच्या हाडातून सुईनं काढला आणि रक्तासारखीच पिशवी विमलला लावली. मला खोकला, म्हणून आत सोडत नव्हते. तिच्या खोलीच्या काचेबाहेरच्या बाकावर एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो. कितीतरी दिवस मधली जागा रिकामीच राहिली. शेवटी एका सकाळी विमलचं रक्त वाढू लागल्याचं कळलं, तेव्हा मीच सरकलो.

मगज भावाचा, म्हणून आता तिचा रक्तगटही भावाचाच झालाय. यंदा गहू घेताना ती हसून म्हणाली, "आबा, मना नावनी बी मूठ टाका ना!"

बायकांची मूठ घ्यायची रीत नाही. तरी सुपात तीन ढीग केले. कानबाई माई, हात माझा होता, मोजणारी तूच.