लिसिआते मास्तरांची छडी

दूर समुद्रातल्या हाआपाई बेटांपैकी त्या लहान बेटावर तेव्हा वीज नव्हती, पण गाणं होतं. बुधवारी दिवेलागणीला ख्रिस्ती देवळातला लाकडी ढोल वाजला की माणसं रीतीप्रमाणे कमरेला मानाची चटई गुंडाळून, हातात कंदील घेऊन निघायची. मासेमारीहून आलेल्यांच्या अंगाला समुद्राचा वास असायचा. फळ्यावर लिसिआते मास्तरांनी सूर आधीच लिहून ठेवलेले असायचे, तिथल्या पद्धतीनं तिनापासून नवापर्यंतच्या सात आकड्यांत, मोत्यासारखे. मग मास्तरांची ताल द्यायची छडी वर जायची आणि बाहेरची डुकरंसुद्धा गप्प व्हायची, असं लोक म्हणायचे.

"ए खर्जवाले! देवाची स्तुती करताय की होडी ओढताय?" मास्तर ओरडायचे. कुणाला वाईट वाटायचं नाही. नाताळात शेजारच्या बेटाचे लोक गाणं ऐकायला होड्या भरून यायचे, ते मास्तरांमुळेच.

घरी मास्तर रोज एकच प्रार्थना करायचे. शेवटी डोळे मिटून म्हणायचे, "प्रभू, मी तुझ्या हातात आहे. मला तुझ्या मनासारखं घडव." बायको सेइनी 'आमेन' म्हणायची आणि तारोचे कंद सोलायला बसायची.

एका बुधवारी गीत ऐन रंगात असताना छडी मास्तरांच्या हातातून निसटली. ते वाकले. त्यांचा हात थांबला की सगळ्यांनी थांबायचं, हा तिथला नियम. गाणं थांबलंच असं त्यांना वाटलं; पण छडी उचलून ते सरळ झाले, तर समोरची सगळी तोंडं हलतच होती. आणि कुणाचीही नजर त्यांच्यावर नव्हती. सगळे पहिल्या बाकावरच्या ओफेइनाकडे, त्यांच्या भाचीकडे, पाहत होते. ती हनुवटीनं ताल देत होती.

मास्तरांना कळलं. हल्ली समुद्र दूर गेल्यासारखा वाटायचा, सेइनी पुटपुटते असं वाटायचं. समुद्र जागेवरच होता. त्यांचे कान गेले होते, आणि सबंध देवळाला ते ठाऊक होतं. त्यांचा मान राखण्यासाठी सगळे त्यांची छडी नुसती हलू देत होते.

त्यांनी फळा न पुसताच घर गाठलं. पुढच्या बुधवारी ते गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. छडी उशाखाली होती.

मग त्यांची बहीण लोसालिने आली. वयात आल्यापासून बहीणभाऊ एका छपराखाली बसले नव्हते; तशी रीतच नाही. बहिणीचा मान भावाहून मोठा, पण नाजूक गोष्ट ती भावाशी थेट बोलत नाही. म्हणून लोसालिने अंगणात पाठमोरी बसली आणि भावजयीशी बोलू लागली.

"सेइनी, तुझ्या नवऱ्याला सांग..."

"मोठ्यानं बोला वन्सं, त्यांना ऐकू येत नाही."

"सांग म्हणावं, रोज देवाला काय म्हणतोस?"

"अजून मोठ्यानं."

शेवटी लोसालिने इतक्या मोठ्यानं ओरडली की कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या बायका थांबल्या. "मला घडव, मला घडव म्हणून रोज देवाच्या मागे लागतोस! आणि तो घडवायला बसला, तर अंग चोरून आत बसतोस?"

आत मास्तर भिंतीकडे पाहत राहिले. देव घडवायला बसला तर आपल्या रागापासून सुरुवात करील, फार तर तंबाखूपासून, असं त्यांनी धरलं होतं. छडीकडे त्याचा हात जाईल, हे कधी मनातही आलं नव्हतं. आयुष्यभर जी आपण त्याच्यासाठीच धरली, तीच त्याला हवी असेल?

त्या बुधवारी ते छडी घेऊन देवळात गेले. सगळे उभे राहिले. मास्तर ओफेइनासमोर थांबले. त्या बेटांवर भाचीनं मामाच्या घरातलं काहीही उचलावं, मामानं ब्र काढू नये.

"माझं डुक्कर नेलंस. चटया नेल्यास. रविवारचा सदरासुद्धा नवऱ्यासाठी नेलास. मग ही का नाही नेलीस?"

ओफेइना त्यांच्या कानाशी वाकली. "ती तुमची होती कुठे, मामा? देवळाची वस्तू मी कशी उचलू?"

मागून कुणीतरी खुसखुसलं. मास्तरही हसले, पण छडी सोडताना त्यांची बोटं लगेच उघडली नाहीत. मग ते चालत शेवटच्या बाकावर खर्जवाल्यांत जाऊन बसले.

गीत सुरू झालं. सूर त्यांच्या कानांना जेमतेम लागत होता, पण बाकावर तळहात ठेवला तेव्हा लाकडातून खर्ज वर येताना जाणवला. इतकी वर्षं पुढे उभं राहून त्यांना तो असा कधी मिळाला नव्हता. ते गाऊ लागले.

ओफेइनानं हात थांबवला. सगळं देऊळ थांबलं.

"मामा," ती मोठ्यानं म्हणाली, "तुमचा सूर खाली जातोय."

या माणसाला असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. मास्तरांनी कानामागे हात धरला. तिनं पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं. मास्तरांचे डोळे भरून आले.

"जातोय ना?" ते म्हणाले. "मग मला आधी का नाही सांगितलंत?" आणि बाकावरचा हात तसाच ठेवून, तिच्या छडीकडे पाहत, ते पहिल्या ओळीसाठी सरसावून बसले.