आखाजीची वावडी

गेलेलं माणूस आपल्या वाटेनं बराबर जातं, का उंबऱ्याशीच घुटमळत राहतं, हे कुणी सांगावं? माझे मालक पटकीनं गेले त्या साली हाच विचार करून करून मी दमले होते. लहानपणापासून अंबडच्या डोंगरावरच्या देवीला हात जोडणारी मी, पण त्या उन्हाळ्यात तिकडं मान वर करून बघत नव्हते. ऐकत असेल तर तिनं माझं का न्हाई ऐकलं, आणि ऐकत नसेल तर मंग हात कशाला जोडायचे, असं झालं होतं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचं गाव अंबडाहून वडीगोद्रीकडं जाणाऱ्या वाटेवर. आमच्या सासरी एक रीत होती, ती मी पुन्हा दुसरीकडं कुठं बघितली न्हाई. घरातलं माणूस गेलं की येणाऱ्या आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पितरांचा करा, म्हणजे पाण्यानं भरलेला मातीचा घडा, पुजून झाल्यावर त्याच्या नावाची वावडी उडवायची. वावडी म्हणजे पोरांचा पतंग नव्हे, चांगली दाराएवढी. तिच्या डोक्याशी ताडाच्या पानाची पट्टी ताणून बांधली की वर गेल्यावर ती भुंग्यासारखी गुणगुणते. आपलं माणूस येतंय हे त्यावरून पितरांना कळतं, असं म्हणायचे. घरच्या प्रत्येकानं आपल्या कापडाची एक चिंधी तिच्या शेपटीला बांधायची, आणि वावडी उंच चढली की दिवेलागणीच्या आत दोरा सोडून द्यायचा. गेली तर माणूस सुखानं गेलं. न्हाई गेली तर वर्षभर अडकलं.

लढाईचे दिवस, कागद मिळेना. मामंजींनी जालन्याच्या बाजारातून कसेबसे ताव आणले. खळ शिजवली, बांबूच्या कामट्या तासल्या. बापानं लेकाची वावडी करायची. आणि आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, सकाळपासून पाणीसुद्धा तोंडात घेतलं नव्हतं. म्हणाल्या, "माझं लेकरू वर गेल्याबिगर घास न्हाई. मंग वर्ष लागू दे."

दुपार कलली तशी आम्ही गावाबाहेर माळावर गेलो. वारा चांगला होता. पण मामंजी पळाले, चुलतदीर पळाले, वावडी दोन पुरुष उंचीवर जायची आणि नाक खाली करून ढेकळात पडायची. दीर म्हणाले, "काका, दोरा ओला असंल." मामंजी चिडले, "वैशाखात दोरा ओला करतोय कोण, तुझा सासरा?" एरवी आम्ही हसलो असतो. ऊन उतरत चाललं. आत्याबाई बांधावर बसून होत्या, ओठ पार सुकलेले. तेव्हा माझ्याही नकळत मनातून निघून गेलं, देवी आई, माझं राहू दे, पण या बाईकडं बघ.

तेवढ्यात बांगड्यांचं टोपलं डोक्यावर घेतलेली एक म्हातारी मनियारीण वाटेनं आली. थांबली, टोपलं उतरवलं आणि पडलेल्या वावडीची शेपटी हातात धरून उचलून पाहिली. आत्याबाईंचं चिंधीवर भागलं नव्हतं. त्यांनी लेकाचा लग्नातला अख्खा फेटा बांधला होता, त्याची बंडी बांधली होती, पाळण्यातली कुंचीसुद्धा. आम्हा सगळ्यांना दिसत होतं, पण बोलायची छाती कुणाची होती?

"पतंग हाय का गाडी लादलीय, मां?" म्हातारी म्हणाली. "एवढं सामान घेऊन त्यानं जायाचं कसं?"

"उघडा कसा जाईल गं तो?" आत्याबाई म्हणाल्या.

"तुझ्या पोटी आला तवा काय नेसून आल्ता?"

आत्याबाई उठल्या. गाठी हातानं सुटेनात तर दातानं सोडल्या. आपल्या लुगड्याची एक चिंधी तेवढी ठेवली. मामंजी पुन्हा पळाले, आणि वावडी अशी चढली की मान मोडेस्तोवर बघावं लागलं. वरून ती गुणगुण आली. मामंजींनी दोरा आत्याबाईंच्या हातात दिला. लई वेळ त्यांनी घट्ट धरला होता. सूर्य टेकला. त्यांनी सोडला असं मी म्हणणार न्हाई, मूठच आपसूक सैल झाली. वावडी गोदावरीच्या अंगाला गेली.

वळून बघतो तर म्हातारी निघून गेल्ती. पुढं अंबडच्या बाजारात खूप विचारलं, अशी मनियारीण कुणाच्या वळखीची नव्हती. देवीच होती का, असं लोक विचारतात. मला ठाऊक न्हाई, आणि बाईच असली तरी माझं काही अडत न्हाई. धाडली कुणी, ते मला कळलं.

घरी येऊन आत्याबाईंनी भाकरी मागितली. मला म्हणाल्या, "तू बी बस, माझ्याच ताटात." दुसऱ्या दिवशी तो लग्नातला फेटा त्यांनी सालगड्याच्या हातावर ठेवला, "ऊन लई हाय, डोक्याला गुंडाळ," म्हणून.

त्यानंतर मी देवीला फार मागितलं न्हाई. जे जायचं ते जाऊ दे, माझ्या बोटांना तेवढं सैल व्हायचं बळ दे, एवढंच म्हणते. तिनं ते एका आईला दिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. तेवढ्यावर माझा जन्म निभावला.