एशियाड आणि डबल बेल

जगातली कुठलीही हलती गोष्ट एका घंटीनं थांबते आणि दोन घंट्यांनी निघते, असा आमच्या चुलत सासऱ्यांचा ठाम विश्वास आहे. चुलत सासरे म्हणजे माझ्या बायकोचे काका. उभी नोकरी त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून काढली, आणि निवृत्तीच्या दिवशी नोकरी सुटली असली तरी घंटी काही सुटली नाही. पंगतीत वाढपी समोर आला की ते ताटावर एक टिचकी मारतात, म्हणजे बस. दोन मारल्या तर येऊ द्या अजून. माझ्या लग्नात मंगलाष्टकं हाताबाहेर जाऊ लागली, दर आत्याबाई स्वतः रचलेलं कडवं घेऊन माईकपाशी येऊ लागली, तेव्हा यांनी स्टीलचा पेला मांडवाच्या खांबावर दोनदा आपटला. भटजी बिचारे रोज एसटीनं ये-जा करणारे. त्यांनी सवयीनं अंतरपाट ओढला. पुढे आमच्या संसारात जे काही मागेपुढे झालं त्याचं खापर बायको अजून त्या दोन ठोक्यांवर फोडते.

त्यांची सगळी ड्यूटी पाथर्डी-नगर रस्त्यावर झाली, आणि बरीचशी एकाच ड्रायव्हरबरोबर. ड्रायव्हर त्यांच्याच गावचा, मागच्याच गल्लीतला. हे त्याला ‘डायवर’ म्हणायचे, तो यांना ‘मास्तर’ म्हणायचा. दोघांनी एकमेकांना नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नाही. ड्रायव्हर तसा अबोल माणूस, पण करंजीचा घाट लागला की त्याला कंठ फुटायचा. लहानपणी त्याच्या वडिलांकडे एका बड्या शिकारी माणसाचा कुत्रा सांभाळायला असे. पॉइंटर जातीचा. तो कुत्रा पक्ष्यामागे धावत नसे, भुंकत नसे. गवतात लपलेल्या तित्तिराचा वास आला की एक पाय उचलून, नाक पुढे आणि शेपूट ताठ करून जागच्या जागी उभा राही, आणि सांगेपर्यंत हलत नसे. ही हकिगत ड्रायव्हरनं घाटाच्या प्रत्येक वळणावर सांगितली आणि सासऱ्यांनी प्रत्येक वळणावर उडवून लावली. “पक्षी बघून गप उभं ऱ्हातं, त्ये कुत्रं न्हाई डायवर, ट्रॅफिक हवालदार हाय,” असं म्हणायचे आणि पुढच्या बाकावरच्या उतारूंना हसवायचे. ड्रायव्हर रागवायचा नाही. फक्त पुढची दोन-तीन गावं बोलायचा नाही.

दोघेही मागेपुढे निवृत्त झाले. डेपोतल्या मेकॅनिकनं त्यांच्या जुन्या गाडीची घंटी भंगारात जाण्याआधी काढून सासऱ्यांना दिली, दोरीच्या तुकड्यासकट. नंतर ड्रायव्हरला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, रोज व्यायाम केला तर फरक पडेल, पण पेशंटला स्वतःला वाटलं पाहिजे. पेशंट ओसरीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राही. मुलानं टीव्ही आणून लावला तर डोळे मिटून घेई. सासरे रोज जाऊन बसत, गावभरच्या बातम्या सांगत, आणि भिंतीशी बोलून परत येत. एके दिवशी काहीच सुचेना म्हणून त्यांनी तो जुना ट्रॅफिक हवालदाराचा विनोद केला. ड्रायव्हरनं मान वळवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्याच संध्याकाळी मला फोन आला. “जावईबापू, पॉइंटर कुठं मिळतो?” मला वाटलं, शिक्षकांकडे फळ्यावर दाखवायला असतो तो. तसं मी म्हणालोही. मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, “त्याला उठून बसायला कायतरी कारन पायजे. मी दावतो त्याला तसलं कुत्रं.”

मी नगरला राहतो, चार बुकं शिकलेलो आहे आणि स्वभावानं भित्रा आहे. मी त्यांना कायदा सांगितला. शिकारीला केव्हाच बंदी आली, तित्तिराला हात लावला तर तुरुंगाची हवा खावी लागेल, वगैरे. ते म्हणाले, बंदूक कुणाच्या बापानं बघितलीय, आपल्याला मारायचं थोडंच आहे, नुसतं दाखवायचं आहे. चुलत सासूबाई म्हणाल्या, कुत्राच पाळायचा तर गावातला पाळा, निदान चोरावर भुंकेल तरी. ज्याच्या त्याच्या तोंडी नकारच होता. नकार ऐकला की आमच्या सासऱ्यांना चेव येतो. आषाढात एका रविवारी ते मला ओढत पुण्याला घेऊन गेले आणि इंटरनेटवर मीच शोधून दिलेल्या माणसाकडून एक पिल्लू घेऊन आले. पांढरं, अंगावर तपकिरी डाग, कान लोंबते, चेहरा कायम अपमान झाल्यासारखा. कुत्र्याला गाडीत घेता येत नाही, असं परतीच्या गाडीचा कंडक्टर म्हणाला. येतं की नाही याचा नियम तिथे कुणालाच नक्की ठाऊक नव्हता, पण आमच्या सासऱ्यांनी तो सांगितला, आणि अशा आवाजात सांगितला की कंडक्टरनं मुकाट्यानं पिल्लाचं तिकीट फाडलं. पिल्लानं ते खाल्लं. नगर येईपर्यंत सासरे धास्तावलेले होते, मधे तपासनीस चढला तर काय दाखवायचं म्हणून.

गाडीत शांत बसलं आणि रंगानं पांढरं, म्हणून नाव ठेवलं एशियाड. हल्लीच्या पोरांना एसटीच्या त्या जुन्या पांढऱ्या-हिरव्या निमआराम गाड्या आठवत नाहीत. त्यांना हे खेळाडूचं नाव वाटतं.

शिक्षण सुरू झालं ते अर्थातच घंटीवर. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे जा. भाकरी-दुधाचं ताट ठेवायचं, एक घंटी द्यायची, आणि दोन मिळेपर्यंत पिल्लानं ताटाला तोंड लावायचं नाही. पहिले काही दिवस ताटच काय, घंटीची दोरीही शिल्लक राहिली नाही. पण हा माणूस मागे हटणारा नव्हे. हळूहळू एशियाड शिकला, आणि असा शिकला की एकदा सासऱ्यांचा फोन वाजला, ते बोलत बोलत पारापर्यंत गेले, तिथे चहा झाला, आणि घरी येऊन बघतात तो कुत्रा ताटासमोर लाळ गाळत उभा. सासूबाईंनी त्या दिवशी दोघांनाही उद्देशून एकच वाक्य ऐकवलं. “झोपंत यष्टीची घंटी वाजवायचे तवा मी काय बोलले न्हाई, पर उपाशी कुनाला ठेवायचं न्हाई ह्या घरात.” घोटाळा खरा झाला तो मारुतीच्या देवळाचा. कुणी भाविकानं तिथे एक टोल दिला की एशियाड असेल तिथे थिजायचा, मग एक पाय खांबाकडे वर केलेला का असेना. कुणी दोन दिले की सुसाट. शेवटी सासऱ्यांनी देवळाच्या दारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला, कुत्र्याला न शिकवलेले, तीन टोल द्यायची विनंती केली. गावानं ती मानली. का, ते विचारायच्या फंदात आता कुणी पडत नाही. देवळात तीनच टोल देतात.

पण थांबणं वेगळं आणि पक्षी दाखवणं वेगळं. ती विद्या गावात एकाच माणसाला येत होती आणि त्याला बोलता येत नव्हतं. त्यावर सासऱ्यांनी उपाय काढला. रोज संध्याकाळी एशियाडला घेऊन ते ड्रायव्हरच्या ओसरीत जात, दिवसभरात कुत्रा कुठे कसा उभा राहिला ते स्वतः करून दाखवत. म्हणजे धोतराचा सोगा खोचून, एक पाय वर, मान पुढे, एक हात मागे शेपटीसारखा ताठ. सत्तरीला टेकलेला माणूस. गल्लीतली बायामाणसं कामं टाकून बघायला येत. खाटेवरून ड्रायव्हर डावं बोट हलवी: पाय चुकला. मान अजून खाली. शेपूट अशी नाही, सरळ. सासरे पुन्हा उभे राहात. एका रविवारी मीही तिथे होतो, तेव्हा त्यांचा तोल गेला आणि ते टोपीसकट ज्वारीच्या पोत्यावर पडले. ड्रायव्हर हसला. अर्ध्याच तोंडानं, पण आवाज करून हसला. आतून त्याची सून धावत आली. झटका आल्यापासून तो आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. सासरे पोत्यावर पडल्या पडल्याच मला म्हणाले, “बघा. लागली गाडी मार्गाला.”

पहिला हिवाळा मात्र फजितीचा गेला. एशियाड पुतळ्यासारखा उभा राहायचा, पण कशासमोरही. शेजारणीच्या कोंबड्या, वाळत घातलेले सांडगे, बोरीच्या काट्यात अडकलेली प्लास्टिकची पिशवी. बाजाराच्या दिवशी स्टँडवर ब्रॉयलरचा टेम्पो आला तर त्याच्यासमोर असा खिळला की टेम्पोवाल्याला वाटलं, साहेबांचा कुत्रा आहे, तपासणी चाललीय. तो गुपचूप कागद काढून उभा राहिला. माळावर खरा तित्तिर असला तर नेमका तेव्हा धीर सुटायचा आणि हा त्याच्यावर झेप घ्यायचा. पक्षी भुर्र. सासरे ओसरीत जाऊन ते प्रामाणिकपणे सांगत. ड्रायव्हर डाव्या हातानं खाटेची कड पुन्हा पुन्हा कुरवाळी आणि मग पुढे ढकली. आम्हाला वाटलं, खाट सरकवायचीय. आम्ही ती ओसरीभर फिरवली. बऱ्याच दिवसांनी सासऱ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की कुत्रा उभा राहिला की त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि मागून हलकेच ढकलायचं; ढकललं की तो अडून बसतो आणि पाय घट्ट रोवतो. कुत्र्याचा स्वभावही सासऱ्यांसारखाच निघाला. तोवर इकडे खाट कुरवाळता कुरवाळता ड्रायव्हर भिंतीला टेकून बसायला लागला होता, आणि व्यायामाचं नाव निघालं तर तो पुन्हा आडवा होईल म्हणून घरातलं कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतं.

कुणीतरी चहाडी केली आणि वनखात्याचा एक तरुण रक्षक मोटरसायकलवर आला. बंदूक कुठे आहे म्हणाला. सासऱ्यांनी घंटी आणून हातात दिली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली, एकदा वाजवली, आणि अंगणातला कुत्रा थिजलेला पाहून तोही थोडा थिजला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, उन्हाळा लागला की घरट्यांचे दिवस, तेव्हा माळावर पाऊल टाकायचं नाही. नियम म्हटल्यावर प्रश्नच मिटला. त्या उन्हाळ्यात सासऱ्यांनी स्वतः तर पाऊल टाकलं नाहीच, पण सरपणाला निघालेल्या सासूबाईंनाही वाटेतून परत आणलं.

दुसऱ्या वर्षी दिवाळी झाली, अर्धं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला कारखान्यांकडे गेलं, शेरडंकरडंही बरीचशी त्यांच्याबरोबर गेली आणि माळ शांत झाला. मी सुट्टीला तिथेच होतो. सकाळी सासरे येऊन म्हणाले, डायवरला न्यायचं. ड्रायव्हरच्या मुलानं पिकअप काढला, मागे प्लास्टिकची खुर्ची बांधली, तिच्यात ड्रायव्हरला घोंगडीत गुंडाळून बसवलं. सासरे शेजारी उभे. पुढे बसा म्हटलं तर म्हणाले, ड्यूटीवर बसायचं नसतं. घंटी त्यांच्या छातीशी होती.

एशियाडला सोडला. कुसळी गवतातून तो इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरला, आणि तरवडाच्या एका झुडपाजवळ चालता चालता थांबला. एक पाय वर. मान खाली. शेपूट सरळ. पिशवी नव्हती, कोंबडी नव्हती. गवतात काहीच दिसत नव्हतं. सासऱ्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरचं डावं बोट हललं नाही. काही चुकलं नव्हतं.

मग सासऱ्यांनी घंटी ड्रायव्हरच्या डाव्या हातात दिली, दोरी त्याच्या बोटाला गुंडाळली. “उभी नोकरी घंटी मी दिली. आज तू दे, डायवर.”

ड्रायव्हरनं दोरी धरली आणि तो नुसता बघत राहिला. स्टँडवर गाडी जरा जास्त थांबली तर ज्यांचा जीव खालीवर व्हायचा ते आमचे सासरे खुर्चीच्या पाठीला हात लावून थांबले. कुत्रा उभा, हे उभे, ऊन गवतावर चढत चाललेलं. खूप वेळानं घंटी वाजली. एक, आणि दुसरी अगदी हलकी. एशियाडनं एक पाऊल टाकलं आणि त्याच्या नाकासमोरून तित्तिरांचा थवा फर्रकन उठला, खालूनच उडत पलीकडच्या गवतात उतरला. एशियाड तिथेच उभा राहून बघत होता.

ड्रायव्हरचा अर्धा चेहरा हसत होता. सासऱ्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “खरं हुतं रं तुझं,” ते म्हणाले. “घाटात सांगायचास ते समदं खरं हुतं.”

घंटी त्यांनी परत मागितली नाही. ती ड्रायव्हरच्या उशाशी असते. तो बसतो, काठीनं ओसरीच्या टोकापर्यंत येतो. बोलणं काही आलं नाही, येईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत, आणि या हिवाळ्यात तो फार थकलेला दिसतो. सासरे अजून रोज संध्याकाळी एशियाडला घेऊन जातात. दिवेलागणीला ड्रायव्हरनं दोन घंट्या दिल्याशिवाय त्या ओसरीतून निघायचं नाही, असा आता दोघांसाठी नियम आहे. हल्ली ड्रायव्हर उशीर लावतो. दोरी बोटात धरून बसतो आणि ओढत नाही. घरी भाकरी निवते, सासूबाई दारात येऊन बघतात. कुत्रा उंबऱ्याशी उभा असतो, आणि आमचे सासरे, ज्यांनी आयुष्यात कुणाला अर्धा मिनिट जास्त थांबू दिलं नाही, ते खाटेच्या कडेला मुकाट बसून राहतात.