सत्तावीस आणि वरचे दशांश

पाववाल्याच्या दुकानापाशी मामंजी थांबले, तेव्हा कारखान्यापासूनची निम्मी वाट सरली होती. मी चार पावलं पुढे जाऊन मागे वळले.

"सकाळी तुझं उत्तर किती आलं होतं गं?"

"कशाचं?"

"कशाचं काय! त्या ठोकळ्यांचं."

"सतरा पूर्णांक नव्याण्णव. तुमचं वेगळं आलं, म्हणून मी माझं खोडलं."

ते दुकानाच्या पायरीवर बसलेच.

माझ्या सासऱ्यांनी एकतीस वर्षं काट्यावर काढली. धातूचा ठोकळा आधी नुसता तोलायचा, मग दोऱ्याला टांगून पाण्यात तोलायचा, आणि दोन वजनांवरून घनता काढून चिठ्ठीवर सही करायची, हे त्यांचं काम. कारखान्यात त्यांना 'काटेकोर' म्हणतात. घरीसुद्धा चहात साखर घालताना चमचा बोटानं सपाट करतात. त्यांच्या सहीचं खोकं आजवर परत आलेलं नाही. खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम दोन वर्षांपूर्वी त्यांनीच मला मिळवून दिलं.

त्यांचा सगळा जन्म ॲल्युमिनियम तोलण्यात गेला. यंदा पहिल्यांदाच टंगस्टनच्या मिश्रधातूचे ठोकळे आले. मूठभर दिसणारा ठोकळा, पण उचलायला दोन हात लागतात. आमचा हिशेब ग्रॅम आणि घन सेंटिमीटरचा, गिऱ्हाइकाचा कागद पौंड आणि घन इंचाचा. घनता निदान ०.६५ हवी, असं त्यावर लिहिलेलं.

"पाण्याची एक आणि ह्याची एकाहून कमी? मग हा लाकडासारखा तरंगेल की!" सकाळी मामंजींनी थट्टा केली होती. मग तो आकडा आमच्या मापात आणायला त्यांनी नेहमीसारखं सत्तावीसनं गुणलं. आलं १७.५५. आमचे ठोकळे भरले १७.६. चाळीसच्या चाळीस पास. खोकी बंद झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी यायची होती.

मी शाळेत शिकवल्याप्रमाणे पौंडाचे ग्रॅम केले, घन इंचाचे घन सेंटिमीटर केले, एकाला दुसऱ्यानं भागलं. गुणायचा आकडा माझा सत्तावीस पूर्णांक अडुसष्ट आला होता, म्हणजे घनता निदान १७.९९ हवी.

"वरचे अडुसष्ट मी कायम सोडूनच देतो," मामंजी पायरीवरून म्हणाले. पाववाल्याकडून कागदी पिशवी मागून तिच्यावर त्यांनी पुन्हा गणित मांडलं, पण गडबडीत गुणायचं सोडून भागलं.

"शून्य पूर्णांक शून्य दोन?"

"मामंजी, हे तर वाऱ्यानं उडेल."

"तू गप्प बस. नको, बोल. बोल तू."

मी बोलले खरी, पण माझाही गोंधळ उडाला. गुणाकार पटे, तर भागाकाराची शंका येई. तीनदा केलं, तीनदा १७.९९ च आलं.

"मग ॲल्युमिनियमला इतकी वर्षं कसं निभावलं?"

तेही करून पाहिलं. तिथे कागदावर ०.०९७ असायचं. त्यांच्या रीतीनं २.६२ येतं, माझ्या रीतीनं २.६८. माल असायचा २.७ चा, म्हणजे कसंही मोजा, पासच.

"म्हणजे एकतीस वर्षं मी चुकतच होतो," ते म्हणाले, "फक्त चूक हलकी होती."

सांगावं तर त्यांचं नाव जाणार, गप्प बसावं तर कमी भरलेला माल त्यांच्या सहीनं बाहेर पडणार. आणि खरं उत्तर सकाळी माझ्याच हातात होतं, ते मीच खोडलं होतं. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात मामंजी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि घराकडे न वळता आल्या वाटेनं निघाले. मी पिशवी घेऊन मागोमाग.

मुकादम कारखान्याला कुलूप लावायच्या बेतात होता. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "आजोबा, तुम्हीसुद्धा?" मामंजींनी मान खाली घातली. चाळीस चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच्या नखानं खरवडून काढल्या, मला हात लावू दिला नाही.

परत निघालो, तेव्हा दिवे लागले होते. पाववाल्यानं विचारलं, "काय काटेकोर, काही विसरलं होतं वाटतं?"

"हो, थोडंसं वरचं."

पुढे चालताना ते मध्येच बोटांवर काही मोजत, पुन्हा विसरत. गल्लीच्या तोंडाशी थांबले.

"सूनबाई, एक मागू?"

"मागता काय, सांगा."

"उद्यापासून माझा प्रत्येक आकडा तू एकदा करून बघायचा. आणि तुझं उत्तर वेगळं आलं ना, तर मी कितीही डोळे वटारले तरी खोडायचं नाही."