राणीच्या झग्याची ट्रायल

आमचे हे शिंपी. गल्ली त्यांना मास्तर म्हणते, मी मनातल्या मनात चक्रम म्हणते. एकच हेका: काचणारा कपडा दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही. एका वकिलाला तर पँटची कंबर सैल करून होईपर्यंत टॉवेलवर बसवून ठेवलं होतं.

अशा माणसाकडे सर्कसचा मॅनेजर माकडीण घेऊन आला. खेळात तिला राणी करायची होती. लाल मखमलीचा झगा, गळ्याशी रुंद झालर. मास्तरांनी तिला स्टुलावर उभं केलं आणि "हात वर, बाई" म्हणत टेप काढला. बाईंनी हात वर केले! हसता हसता माझ्या इस्त्रीखाली एक शर्ट जळाला.

ट्रायलच्या दिवशी तर कहरच. झगा घालून राणीने आरशात पाहिलं, मग वळून पाठ कशी दिसते ते पाहिलं, अगदी आमच्या नणंदबाईंसारखं. नणंद काजं करत बसली होती. ती चिडायची सोडून अशी खिदळली की बटणांचा डबा लवंडला. राणी खाली उतरून बटणं वेचायला लागली. एकेक बटण मॅनेजरला द्यायची आणि वर सलाम ठोकायची. दारात ही गर्दी जमली. हसून हसून आमची पुरेवाट झाली.

मास्तरांनी तिला पुन्हा स्टुलावर घेतलं आणि सवयीप्रमाणे विचारलं, "कुठे काचतंय का?"

तिने त्यांचं बोट धरलं आणि झालरीखाली नेलं. खाली चामड्याचा पट्टा होता आणि पट्ट्याखाली जखम. मास्तरांचं बोट ओलं होऊन बाहेर आलं. इतका वेळ दात काढत होतो, त्याची मला लाज वाटली.

मॅनेजर म्हणाला, झालर रुंद सांगितली ती त्यासाठीच, पट्टा दिसायला नको.

"मग हा कपडा मिळायचा नाही. गिऱ्हाईकाला काचतंय."

"गिऱ्हाईक मी आहे, मास्तर."

"माप तिचं घेतलंय."

ज्या कात्रीने मला कधी साधा कागद कापू दिला नाही, त्या कात्रीने ह्यांनी पट्टा कापला. मॅनेजरने आकांडतांडव केलं. मी म्हटलं, चला, पोलिसांनाच बोलावू. तर तो एकदम नरमला. माकडाचा परवानाच नव्हता! त्याने धूम ठोकली.

दार सताड उघडं होतं, पण राणी गेली नाही. स्टुलावर उभी राहून एकेकाला सलाम ठोकत राहिली. मला रडू आवरेना. नणंद म्हणाली, आपणच ठेवून घेऊ हिला. हे झग्याची शिवण उसवत म्हणाले, दोरी घरची असली तरी काचतेच.

वनखात्याच्या लोकांनी तिला नेलं, बरं केलं आणि जंगलात सोडायच्या दिवशी आम्हालाही बोलावलं. पिंजरा उघडला. ती बाहेर आली आणि आमच्याकडे बघत थांबली. आता सलाम करणार म्हणून आम्ही श्वास रोखून उभे. तिने काख खाजवली, पाठ फिरवली आणि झाडावर चढून गेली.

नणंद पुन्हा पोट धरून हसायला लागली. आणि आमचे हे! घरी येईपर्यंत भेटेल त्याला सांगत सुटले, "साधा सलामसुद्धा केला नाही हो तिने!" जसं काही पोटच्या लेकीने नाव काढलं.